सहा फेऱ्या पुढे

अल्सिद व्हानूट हा रूबे गावातल्या लोकरगिरणीचा कामगार. गिरणीत बारा तास उभं राहायचं, त्यापेक्षा चोवीस तास बसून पोट भरत असेल तर वाईट काय, एवढा विचार करून तो सायकलशर्यतीत शिरला. पंधरा वर्षं तो मैदानातल्या गोल धावपट्टीवर चोवीस तासांच्या शर्यती मारत राहिला. दुसरा आला, तिसरा आला, एकदा सरळ कुंपणात गेला. पहिला मात्र कधी आला नाही.

वळणावर सुपाचं भांडं घेऊन त्याची बायको झुल्मा उभी असे. विसाव्या तासाला गड्याचे डोळे धुळीने चिकटतात, फेऱ्यांचा फलक वाचता येत नाही. मग कोण कुठे आहे ते भांडंवालीने ओरडून सांगायचं, आणि गडी खचू नये म्हणून खोटं सांगायचं, हा तिथला रिवाजच. अल्सिद तीन फेऱ्या मागे असला की झुल्मा ओरडे, "तीन पुढे आहेस रे!" अल्सिद मुकाट्याने ते तीन मागे असं धरी.

अडतिसाव्या वर्षी त्याची शेवटची शर्यत आली. यापुढे बोलावणार नाही, असं मैदानाच्या मालकाने तोंडावर सांगितलं होतं. रविवारी दुपारी, अर्धा तास उरला असताना, अल्सिद खरोखरच सहा फेऱ्या पुढे होता. झुल्माला रडू फुटलं. तिने पहिल्यांदाच खरं सांगितलं.

"अल्सिद! सहा पुढे आहेस! देवाशप्पथ!"

सहा मागे, आणि वर देवाची शपथ. म्हणजे हिनेही आशा सोडली. अल्सिद शांतपणे सायकलवरून उतरला आणि तिच्या पायाशी बसला.

"आण ते सूप. उगाच गार होतंय."

"अरे मेल्या, ऊठ! जिंकतोयस तू!"

"हो हो. नेहमीच जिंकतो."

तिने हाताला धरून त्याला फलकापर्यंत नेलं तेव्हा त्याला पटलं. पण तोवर गुडघे आखडले होते, टांग वर जाईना. दुसऱ्या क्रमांकावर असलेला, लील शहरातला फुर्मांतँ त्याच्या समोरून सात वेळा गेला. अल्सिद दुसरा आला.

त्याने तिला कधी बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या दिवसापासून झुल्माने खोटं बोलणं सोडलं. शेजारणींना त्याचा फार त्रास झाला.

अल्सिद गिरणीत परतला. पुढे लोकरीच्या धुळीने त्याची छाती भरली. एका सकाळी डॉक्टर त्याला तपासून जिना उतरून गेले.

"काय म्हणतोय फलक?" अल्सिदने विचारलं.

झुल्मा सुपाचं भांडं घेऊन खाटेशी उभी होती. "मागे आहेस," ती म्हणाली. "खूप मागे. आता नाही गाठता यायचं."

त्याने लगेच विश्वास ठेवला.

"मग बस की आता," तो म्हणाला. "किती वर्षं उभी आहेस."