नानांचं डोकं

एमआरआयच्या बोगद्यात नाना इतके निश्चल पडून राहायचे की टेक्निशियनला माइकवरून विचारावं लागे, "नाना, जागे आहात ना?" बाहेर आल्यावर ते ऐटीत सांगत, "मी एसटीना डायवर व्हतू. जरासा हात हालना म्हनजे गाडी खड्डामा."

स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी धुळे, जळगाव आणि आणखी काही शहरांतल्या केंद्रांनी मेंदूच्या प्रतिमा एकत्र करायचं ठरवलं होतं. पण प्रत्येक मशीनचं माप थोडं वेगळं. म्हणून एकच निरोगी माणूस सगळीकडे फिरवायचा, म्हणजे मशिनींमधला फरक कळतो. साक्रीचे नाना आपणहून आले. त्यांच्या पत्नी, अक्का, शेवटी शेवटी त्यांनाच ओळखत नव्हत्या. दरवर्षी पिशवीत शेव-मुरमुरे घेऊन ते निघत आणि परतल्यावर मशिनींची उणीदुणी काढत. "जळगावनी गाडी लई खडखड करस. तुमनी बरी, पन आत थंडी वाजस." मोठ्या डॉक्टरांना ते मुळीच घाबरत नसत. मला, धुळ्याच्या केंद्रातल्या कनिष्ठ डॉक्टरला, मात्र वचकून असत, कारण मी त्यांची बिडी पकडली होती.

तिसऱ्या वर्षी जळगावच्या प्रतिमेत नानांच्या मेंदूचा स्मरणाचा भाग आमच्या आदल्या वर्षीच्या प्रतिमेपेक्षा लहान दिसला. आम्ही तावातावाने जळगावच्या मशीनला नावं ठेवली, त्यांनी आमच्या. प्रतिमांची देवाणघेवाण थांबली. खोट नानांच्या डोक्यात असेल हे आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. ते डोकं तर आमची मोजपट्टी होतं! शेवटी नाना पुन्हा आमच्या मशीनमध्ये गेले. तिथेही तेच दिसलं. पुढच्या तपासण्या झाल्या आणि त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

"अक्कासारखं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. मग घाईघाईने म्हटलं, "नाना, तुमची इच्छा नसेल तर या प्रतिमा आम्ही कुठेच पाठवणार नाही."

"काबर? बठ्ठासले दखाडा. पहिले चांगलं डोकं म्हनीसन कामले उनू, आते बिघडेल म्हनीसन येसू."

चांगलं डोकं कामी आलं, आता बिघडलेलंही सगळ्यांना दाखवा, असं सांगणाऱ्या नानांपुढे मला रडू आवरेना. पाण्याचा ग्लास त्यांनीच पुढे केला.

त्यांच्या प्रतिमा आता सगळ्या केंद्रांत अभ्यासाला आहेत. परवा साक्रीला गेले, तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "कोनता गावनी शेस वं माय तू?"

"धुळ्याची."

"मंग आपलीच शेस," ते सरकून जागा करत म्हणाले, "बस."