त्यानं विचारलंच नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर माझं सगळं ठाऊक असतं.

परभणीत आमच्या सरांची छोटी कंपनी होती. शेतातली मोटार मोबाइलवरून चालू-बंद करायचे डबे बनवायची. प्रोग्राम लिहिणाऱ्या आम्ही दोघीच — मी चुडाव्याची, उज्ज्वला राणीसावरगावची. कॉम्प्युटर दोघींत एक.

चूक शोधायला आम्ही डीबगर वापरायचो. चालता प्रोग्राम अडवून त्याच्या पोटात काय चाललंय ते तो दाखवतो. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. पण काही बंद करायचं म्हटलं की हा विचारणार — खरंच करू? हो की नाही? मला वैताग यायचा. एकदा त्याच्या सेटिंगच्या फाइलीत मी एक ओळ घातली — विचारणं बंद. उज्ज्वलाला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — सुचलंच नाही.

तेव्हा मोटारी मधेच बंद पडायच्या. का, ते कळेना. उज्ज्वला चिकाटीनं मागं लागली आणि एका दुपारी तिनं ती चूक घडताना डीबगरमध्ये अडवली. ओरडलीच, "सर, गावली!" सर जिना चढेपर्यंत घाईत तिच्याकडून भलतंच अक्षर दाबलं गेलं. प्रोग्राम बंद. धरलेलं सगळं गेलं.

"त्यानं विचारलं असंल की. तूच हो म्हणली असशील," सर म्हणाले.

"न्हाई सर. त्यानं विचारलंच न्हाई."

मी शेजारीच होते. काय लागलं असतं — एक वाक्य? ती तोंड धुवायला गेली, सर फोनवर होते, तेवढ्यात मी ती ओळ काढून टाकली. मग सरांनी तिच्यासमोर करून पाहिलं. त्यानं विचारलं.

"चूक होती माणसाची," सर म्हणाले, "पण खोटं कशाला बोलायचं?"

संध्याकाळी ती मलाच म्हणाली, "माझंच बोट पडलं असंल गं. मला आठवंनाय." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. घाबरून ओळ काढली, ते एक वेळ समजेल — पण तो हात?

तिनं लवकरच नोकरी सोडली. पुढं मोटारी बंद पाडणारी ती चूक मीच शोधली. कौतुक झालं. घेतलं.

आता ती गंगाखेडला पोरांना कॉम्प्युटर शिकवते. परवा फोनवर हसत सांगत होती — नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ती स्वतःची गोष्ट सांगते. न वाचता बटण दाबलं आणि वर मशीनवर ढकललं, म्हणून.

"आपल्यावरून शिकतेत पोरं. बरं करायलेय ना मी?"

"चांगलं करायलीस," मी म्हणाले.