दोनशे हात आणि एक मत

अमेरिकेत हर्नडनला राहायला आलो तेव्हा आमच्या मुलीला इंग्रजीचा गंधही नव्हता. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांनी तिला रोज संध्याकाळी आपल्या दारातल्या पायरीवर बसवून वाचायला शिकवलं. या बाई राज्याच्या सिनेटला उभ्या राहिल्या, तेव्हा मी नुकताच नागरिक झालो होतो आणि अंगात वारं शिरलं होतं. आमच्या मतदारसंघातून कित्येक वर्षं एकच गृहस्थ निवडून येत. त्यांचं तोंड आम्ही फक्त टपालातल्या पत्रकावर पाहिलेलं. "आमच्या लोकांची मतं माझ्यावर सोडा," असं मी बाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं.

आमच्या मराठी मंडळाची दिवाळी त्या वर्षी निवडणुकीच्या आदल्या शनिवारी आली. बाईंना खरं तर त्या दिवशी दारोदार हिंडायचं होतं, पण माझ्या शब्दावर त्या आमच्या हॉलवर आल्या. दोनशे जणांशी हात मिळवले, चकल्या खाल्ल्या, एक अक्षरही न कळता नाटकाचे तिन्ही अंक बसून पाहिले.

मतदानाच्या दिवशी मी रजाच टाकली. माझं मत घरी परतताना देईन म्हटलं. आधी एका काका-काकूंना त्यांच्या केंद्रावर नेलं. काका हसतच बाहेर आले.

"अरे, तुझ्या बाईंचं नावच नाही तिथे! दुसरेच दोन कँडिडेट आहेत. एकाला व्होट करून आलो झालं."

दिवाळीला आपली माणसं पन्नास मैलांवरून येतात हे मला ठाऊक होतं. मतदारसंघाला हद्द असते हे मात्र चकल्या वाटताना एकदाही डोक्यात आलं नाही. आपली माणसं म्हणजे आपली मतं, एवढाच माझा हिशेब. मग सगळ्यांना फोन लावत सुटलो. कोणी दुसऱ्या हद्दीत, कोणी दुसऱ्या राज्यात, कोणी अजून ग्रीनकार्डवर. शेवटी आमच्याच केंद्रावरचा एक पठ्ठ्या सापडला. त्याला ऑफिसातून आणायला गेलो आणि वाटेत गाड्यांच्या रांगेत अडकलो. केंद्रावर पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. दार बंद.

बाई पडल्या. थोडक्यात पडल्या, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणातल्या प्रचाराच्या पाट्या उपटत होत्या. मी जाऊन सगळं कबूल केलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तू तरी दिलंस ना?"

मी मान खाली घातली. त्यांनी हातातली पाटी माझ्याकडे दिली आणि दुसरी काढायला वाकल्या. सगळ्या पाट्या आम्ही दोघांनी मिळून गॅरेजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी त्यांनी मुलीला नेहमीसारखं वाचायला बोलावलं, तेव्हा मला घरात बसवेना.

चार वर्षांनी केंद्राचं दार उघडायच्या आत मी रांगेत पहिला उभा होतो. आत गेलो. सिनेटसाठी त्याच गृहस्थांचं नाव होतं. त्यांच्यासमोर कोणीच उभं नव्हतं.