वाकिजोची कॉइल, पोनिजानची बॅटरी

तुमच्या खिशात आत्ता किल्ल्यांच्या जुडग्यासोबत एखादी सुटी बॅटरी खुळखुळतेय का? खरं सांगा. आमच्या कोटागेडे गावच्या गल्ल्यांत मी हा प्रश्न इतक्यांदा विचारलाय, की पोरं मला लांबून बघूनच खिसे उलटे करून दाखवतात आणि फिदीफिदी हसतात. मी पत्रकं वाटली, भिंतींवर चित्रं डकवली, सभा घेतल्या. सभेला माणसं आली ती चहासाठी. आणि त्याच गल्लीत बसणारा पोनिजान एक शिवी हासडायचा, की तीच पोरं निमूट बॅटऱ्या काढून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायची. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

पण जळण्यात पोनिजानचा हात धरणारा मी नव्हे.

तो मूळचा चांदीच्या तारकामाचा कारागीर. केसाएवढी तार पिळून फुलं, पाकोळ्या करायचा. चांदीची मागणी आटली तशी अनेकांनी हत्यारं विकून टाकली. यानं ड्रिल विकत घेतलं. ड्रिलला लावलेल्या जाड तारेवर बारीक तार लपेटायची, ओढून सैल करायची, पुन्हा लपेटायची, मग सळईवर तिचे वेढे घ्यायचे. व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, ओढणाऱ्या पोरांसाठी तो कॉइल वळू लागला. कॉइलमध्ये कापूस, कापसात व्हेपचा सुगंधी रस. कॉइल तापली की वाफ. वाफेचा सगळा दिमाख त्या इवल्याशा वेटोळ्यावर.

बॅटऱ्या तो जोडीनंच द्यायचा. एकाच वेळी घेतलेल्या, एकत्र चार्ज करायच्या, एकत्रच वापरायच्या. बायकोच्या नेलपॉलिशचा एकाच रंगाचा ठिपका दोन्हींवर. कुणी जोडी मोडून एक मित्राला दिली, की त्याची गल्लीभर शोभा. आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या व्हेपच्या नळीत दुसऱ्याच्या हातची कॉइल दिसली तर विचारूच नका.

एके दिवशी मैदानावर वाफेची स्पर्धा होती. ज्याचा ढग सगळ्यात लांब, तो जिंकला. आमच्या गल्लीचा सेनो दर वेळी पोनिजानच्या कॉइलवर जिंकायचा. दुपारी तो दुकानात आला, मीही तिथंच बसलो होतो. पोनिजानला लिक, म्हणजे काका, म्हणत त्यानं नळी पुढे केली.

"लिक, जरा बॅटऱ्या बघता का? नळी लवकर तापतेय."

पोनिजाननं वरचं टोपण काढलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"कुणाची ही?"

"कुणाची म्हणजे?"

"डावीकडे दाबलेला शेवटचा वेढा. त्या डावखुऱ्याशिवाय कोण दाबतं असा? वाकिजोकडे गेलास?"

वाकिजो आणि हा चांदीच्या एकाच पेढीवर मांडीला मांडी लावून बसलेले. पोनिजानच्या मते वाकिजोनं त्याची पद्धत चोरली. वाकिजोच्या मते तार वाकवायची कसली चोरी? तेव्हापासून दोघांत बोलणं बंद.

"लिक, रुसू नका ना. एकदा लावून बघितली."

"बघ की पोरा, बघ की थोले! सगळ्यांच्या बघ! घरचं जेवण रोज मिळतं, त्याला कुठली चव!"

बोलता बोलता त्यानं बॅटऱ्या बाहेर ओढल्या आणि एक डोळ्याजवळ नेली. वरच्या बॅटरीचं वेष्टन कडेला फाटलं होतं. नखाएवढंच, पण आतला धातू चकाकत होता.

"आज यावर खेळायचं नाही."

सेनो हसला. शेजारच्या खाण्याच्या गाडीवरची माणसंही हसली. सेनो म्हणाला, "वाटलंच मला! वाकिजोची कॉइल दिसली आणि बॅटरी लगेच नासली!"

"अरे गाढवा, बॅटरीचं अख्खं अंग म्हणजे उणे टोक. वरचा उंचवटा तेवढा अधिक. दोघांना वेगळं ठेवतं ते हे कागदासारखं वेष्टन. तुझी नळी नुसता धातू, आत कुठला फ्यूज नाही की काही नाही. उघडं अंग नळीला टेकलं, की वीज तू बटण दाबायची वाट बघत नाही. बॅटरी आतल्या आत तापते आणि फुटते. आणि ती नळी तू तोंडाला लावतोस, तोंडाला!"

"तुमची कॉइल असती, तर हे एवढंसं फाटलेलं दिसलं असतं का तुम्हाला?"

सेनोनं बॅटऱ्या उचलल्या. मी त्याचा दंड धरला, तर म्हणाला, "तुम्ही तर रोजच ओरडता," आणि गेला.

पोनिजानची बायको सुमिरा आतून ताटलीत खोबरं भरलेली गोड किपो घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ही दोघं एकमेकांना पाकने, बुने म्हणतात, म्हणजे पोरांचे बाबा, पोरांची आई.

"पाकने, तुझं कोण खरं मानणार? वाकिजोच्या कॉइलनं घसा सोलतो म्हणून सांगितलंस, लग्नं मोडतात म्हणून सांगितलंस. आता खरं बोललास, ते ओळखायचं कसं?"

"मग काय करू, बुने?"

"तो ज्याचं ऐकेल, त्याला सांग."

पोनिजान ताडकन उठला. "त्याच्या दारात? मी?"

"नको जाऊस. पोराचे ओठ फाटले, की तो तुझीही कॉइल घेणार नाही आणि त्याचीही नाही. झाली फिटंफाट." ती ताटली ठेवून आत गेली.

पोनिजान चालायला लागला. मी मागोमाग. वाकिजोचं दुकान बाजारापलीकडे, काचेचं कपाट, वर दिवे. पोनिजानची नजर आधी कपाटावरून फिरली आणि मग माणसावर आली.

"अरेच्चा! रस्ता चुकलास?" वाकिजो म्हणाला.

"सेनोच्या वरच्या बॅटरीचं वेष्टन फाटलंय. तू त्याला थांबव."

"म्हणजे माझी कॉइल जिंकणार म्हटल्यावर, माझ्याच गिऱ्हाइकाला मीच थांबवू? डोकं आहे हं तुला."

मी तोंड उघडलं, तर पोनिजाननं हातानं मला गप्प केलं.

"तुझी कॉइल माझ्यापेक्षा सरस आहे. मी बघितली. तसे वेढे मला जमत नाहीत. ती वीजही जास्त ओढते. सेनोजवळच्या बॅटऱ्या मी माझ्या कॉइलसाठी दिलेल्या, त्या तुझ्या कॉइलला आधीच अपुऱ्या. त्यात वेष्टन फाटकं. पटलं? आता ऊठ!"

वाकिजो उठला, चपला न घालताच.

मैदानात सेनो रिंगणात उभा राहून नळी तोंडाशी नेत होता. वाकिजोनं ती हिसकावली. पोरांनी आरडाओरडा केला. त्यानं बॅटऱ्या बाहेर काढल्या, नळीचं तोंड उजेडाकडे धरलं आणि सेनोला आत बघायला लावलं. वेष्टन जिथं फाटलं होतं, नेमक्या त्याच उंचीवर नळीचा आतला धातू काळा पडला होता. ठिणगी आधीच उडून गेली होती. नळी तापत होती ती यानं.

"पाक वाकिजो, पोनिजान खरं बोलत होते?" सेनोनं अदबीनं विचारलं.

"तो खोटारडा आहे," वाकिजो म्हणाला, "पण आज खरं बोलला."

माझ्या सगळ्या पत्रकांनी जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं झालं. पोरं आपापल्या बॅटऱ्या काढून वेष्टनं चाचपायला लागली. मी नुसता बघत उभा.

पोनिजाननं कमरेच्या पिशवीतून डबी काढली. आत नवी जोडी, जास्त भार पेलणारी, दोन्हींवर जांभळा ठिपका. वाकिजोच्या हातात न देता त्यानं ती सेनोच्या हातात दिली.

सेनो जिंकला. ढग पार कुंपणापर्यंत गेला. पोरं ओरडत होती, "वाकिजो! वाकिजो!" पोनिजान माझ्या शेजारी उभा राहून दात खात होता.

"बघ, पुढारी. बॅटरी कुणाची ते एकानंही विचारलं नाही. पुढच्या पत्रकात लिही, ठळक लिही: बॅटरी पोनिजानची."

लिहिलं. वर शीर्षकातच लिहिलं.

दोघांचं बोलणं पुन्हा बंद आहे. पण परवा मी दुकानात डोकावलो, तर पोनिजान डोळ्याला भिंग लावून वाकिजोची एक कॉइल वेढा वेढा उकलत बसला होता. कुणाकरवी आणवली, देव जाणे. मला बघताच त्यानं ती मुठीत दडवली.

आता तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्यावर जळणारा एखादा माणूस कधी म्हणाला, की तुमच्या बॅटरीचं वेष्टन फाटलंय, तर त्याच्या तोंडाकडे बघू नका. आधी बॅटरी बाहेर काढा, आणि तिच्याकडे बघा.