फाटकावरची मोरपंखी

आमच्या कॉलनीत नळाला पाणी एक दिवसाआड येतं, किस्से मात्र रोज! त्यातले निम्मे शेजारच्या सुदामभाऊंच्या फाटकापाशी घडतात. तिथे मोरपंखीची दोन झाडं आहेत. खांबासारखी सरळ, बारा महिने हिरवी.

भाऊंच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी ती लावली तेव्हा भाऊ नुकतेच निंबोला गावाहून इथे राहायला आले होते. जन्म केळीच्या शेतीत गेलेला. झाडाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "याला घड कधी लागतो?"

"नाही लागत."

"मग कामाचं काय?"

"शोभा!" वहिनी म्हणाल्या.

भाऊ माझ्याकडे वळले. मी कचेरीतला हेडक्लार्क, म्हणून त्यांचा बडेबाबू. "बडेबाबू, शोभेचा मंडीत काय भाव चाललाय?"

*

मोरपंखीची फांदी पुस्तकात ठेवली की विद्या येते, असं आमच्याकडे पोरं मानतात. परीक्षा जवळ आली, की कॉलनीतली सगळी विद्या भाऊंच्या फाटकातून जायची. जिथवर हात पोचले, तिथवर झाडं बोडकी!

पोरं पास झाली की नाही माहीत नाही. झाडं मात्र त्या वर्षी काठावर पास झाली.

*

एकदा जोराचा वारा सुटणार अशी बातमी आली. वाऱ्यात केळी आडवी होते, हे केळीवाल्याला सांगावं लागत नाही. भाऊंनी शेतातून बांबू आणले आणि घडाच्या केळीला देतात तसे दोन्ही झाडांना टेकू दिले. वरून सुतळी आवळली.

वारा काही आला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "मंडप कशाचा? घरात लग्न आहे का?"

"हो ना," वहिनी म्हणाल्या, "याच दोघांचं!"

*

तेव्हापासून ती झाडं नवराबायकोच झाली. मोरपंखी जोडीनेच लावायची, एकटी ठेवायची नाही, हा इकडचा रिवाज. वहिनींनी त्यात आपली भर घातली होती: "ही जोडी शाबूत, तोवर आमची शाबूत." भाऊंशी भांडण झालं, की त्या आधी फाटकाशी जाऊन झाडं बघून यायच्या.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आल्यावर मला दोन्ही हिरवी दिसली पाहिजेत."

भाऊंनी मनावर घेतलं. डाव्या झाडाच्या बुडाशी शेतातली ड्रिपची नळी घरच्या टाकीला जोडून सोडली आणि चालूच ठेवली.

मी म्हटलं, "भाऊ, याला एवढं पाणी सोसत नाही. मुळं कुजतील."

"उन्हाळ्यात पाणी कमी करू? बडेबाबू, तुम्ही फायली सांभाळा!"

उजव्याची पाळी येईपर्यंत डावं तपकिरी झालं. भाऊंनी त्याला केळीचं खत घातलं. मग ते पार वाळलं.

*

वहिनींचा फोन आला, "परवा निघते." भाऊंचा चेहरा त्या झाडासारखाच झाला. "यार बडेबाबू, नातू झाला त्याचा आनंद करू, की हिला काय तोंड दाखवू याचं टेन्शन घेऊ?"

आम्ही दोघं इतवाऱ्याच्या पुढच्या नर्सरीत गेलो. तसंच झाड मिळालं, पण वीतभर बुटकं. भाऊंनी खाली विटा रचल्या, त्यावर माती चढवली आणि नवरदेवाला पाटावर उभं करावं तसं झाड उभं केलं. लांबून दोन्ही शेंडे अगदी बरोबरीत! आम्ही खूश.

वहिनी रिक्षातून उतरल्या. फाटकाशी थांबल्या. वरपासून खालपर्यंत डावं झाड बघितलं. भाऊ उगाचच बॅग उचलायला वाकले, ते वाकूनच राहिले.

"डावं नवीन आहे," वहिनी म्हणाल्या.

भाऊ कसेबसे सरळ झाले. "कसं ओळखलं?"

"तुम्ही केळीच्या लागणीला निंबोल्याला जाऊन राहिला होतात ना, तेव्हा उजवं मीच बदललं." वहिनींनी पायाने वीट दाबून बघितली. "पण मी उंचीचं बघून आणलं होतं."