भिंतीतला तेलाचा हात

मी या घरात दुसरी म्हणून आले. पहिली तापाने गेली होती, चार वर्षांची पोर मागे ठेवून. आमच्याकडे नवरी घरात शिरली की स्वयंपाकघराच्या भिंतीवर हळदीचा हात उठवते. तिचा होता. दुसरेपणाच्या बाईला हात उठवायला कोणी सांगत नाही. मलाही सांगितलं नाही.

दर दिवाळीला मी त्या भिंतीला चुना मारायची. ओली असेपर्यंत भिंत कोरी. दुसऱ्या दिवशी दुपारी चुना वाळत आला की पाच बोटं हळूहळू वर यायची, पाण्याखालून कोणी हात काढावा तशी. मी तेव्हा एवढी शहाणी की भाजीत मीठ टाकताना भिंतीला विचारायची, "बाई, पुरे का?" भिंत गप्प, म्हणजे पुरे.

शेवटी चिचगडकडून मोहफुलं घेऊन येणाऱ्या म्हातारीने उपाय सांगितला. अवसेच्या भर दुपारी आपल्या हाताला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लावायचं, तिच्या हातावर हात दाबून धरायचा आणि माफी मागायची. कशाची माफी, ते मी विचारलंच नाही. वर्षभर एक अवस चुकवली नाही. दिवाळीला हात उठला तो जास्त काळा, आणि बोटं लांब झालेली.

मी भिंतच पाडायचं ठरवलं. मजूर सांगून ठेवले.

पोर तेव्हा फुलचूरला खोली घेऊन गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. खबर लागताच देवरीची बस धरून आली.

"मावशी, भिंत कायले पाडून राहिली?"

"तुई माय बाहेर येऊन राहिली म्हणून!"

"येऊ दे ना. माह्यापाशी तिचा फोटो बी नाही. हाय ते एवढंच हाय."

मग तिने भिंतीवर नख ओढलं, हुंगलं. "हळद तेलात कालवली असन. पाण्याचे कण एकमेकांलेच धरून राहते, तेलाले जवळ करत नाही. म्हणून चुना तिथं बसत नाही. बाकी भिंतीवर तो हवा खाऊन दगड होते, तो पक्का बंध. तेल तसं बांधून घेत नाही, हलकंच ओढते. पण कोट्यवधी कण ओढते, म्हणून सुटत नाही."

"अन् बोटं काऊन वाढली?"

"तूच तेल चारलं ना!"

ती पोट धरून हसली. मजूर परत गेले.

पुढे ती नागपूरला प्रयोगशाळेत लागली. एकदा भिंतीचा टवका घेऊन गेली आणि त्याचं चित्र घेऊन आली. धान कापलेल्या शेताच्या बांधीसारखे नुसते उंचवटे आणि खळगे.

"हा फोटो नाही. एक सुई हाय, टोकावर जणू एकच कण. ती टवक्याजवळ नेली का टवकाच तिले ओढते. किती ओढलं, त्यावरून चित्र निघते."

"न टेकता ओढते?"

"सगळ्याच वस्तू ओढते, मावशी. आपल्याले कळत नाही एवढंच."

मी पाट भिंतीपासून हातभर सरकवला. "यात तुई माय कुठं?"

"सुईले तेल कळते, माणूस नाही."

ती उठली आणि भिंतीवरच्या हातावर तिने आपला हात ठेवला. भिंतीची बोटं तिच्या बोटांच्या पेराभर पुढे गेली. "आजी सांगे, मायचा हात माह्याएवढाच होता." मग माझ्याकडे पाहिलं. "तू ठेव."

ठेवला. नखाला नख लागलं. अंगठ्याचा बाकसुद्धा माझाच.

भिंत न पाडताच मी पोरीची माय झाकून टाकली होती.

"खाली असन ती," पोर म्हणाली. "दिवाळीले येतो. तवर तेल लावू नको."

दिवाळीला तिने रिठे उकळले. रिठ्याचा कण एका टोकाने पाणी धरतो, दुसऱ्याने तेल, असं म्हणाली. माझा थर उतरायला हवा. जास्त घासलं तर खालचाही जाणार. ती फडकं टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. मी एकदाही 'अजून घास' म्हटलं नाही. मग चुना मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी भिंतीसमोर बसलो. चुना वाळत होता, आणि भिंत कोरीच. इतकी वर्षं जो हात उठू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले, तो उठावा म्हणून मी पदराने भिंतीला वारा घालू लागले.

आधी अंगठा आला. फिकट. मग तीन बोटं, आखूड.

"ठेव ना हात," मी म्हटलं.

ती जागची हलली नाही. "वाळू दे आधी."