अक्षराच्या कडेवरचं पोर

खापरच्या बाजारात, गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्याला, लग्नाच्या शूटिंगचं एक दुकान आहे. पाटीवर लिहिलंय ‘फकीर व्हिडिओ अँड साऊंड’. पाटी फकीरभाईच्या नावाची आहे, पण दुकान कुणाचं म्हणून बाजारात कुणालाही विचारा, भाजीवालीसुद्धा सांगेल, “नईमाबेननं शे ते.” पाटी रंगवणाऱ्याला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, एवढंच.

नईमा पिंजाऱ्याची लेक. तिचा बाप कापूस पिंजायचा. पिंजणाची तात छेडली की आवाज घुमायचा, गोळा झालेला कापूस मोकळा होऊन ढगासारखा फुलायचा आणि काडीकचरा आपोआप खाली बसायचा. पोर भिंतीला टेकून ऐकत राहायची. तात सैल झाली तर बापाच्या आधी तिला कळायचं. पुढं फोमच्या गाद्या आल्या, पिंजण खुंटीला टांगलं गेलं, बाप गेला. कान मात्र पोरीपाशी राहिला.

फकीरशी लग्न झालं तेव्हा तो मांडवात कॅमेरा धरायचा. पण हळद लागते तिथं, बायकांच्या गराड्यात, बाप्या माणसाला कोण उभं करणार? एकदा देवगोईचा घाट चढून ते एका लग्नाला गेले आणि बायकांनी त्याला सरळ ओट्याखाली उतरवलं. तेव्हा नईमानं माईक हातात घेतला आणि आत जाऊन बसली. तिथून तिचं काम सुरू झालं. डोंगरातल्या कितीतरी मुलींची हळद तिनं रेकॉर्ड केली. त्या हळदीला गाणारणी असतात. नवरीला हळद लावता लावता त्या गातात आणि गाण्यात नवरीचं नाव गुंफतात. नाव आलं की बायका हुंकार भरतात, आणि मगच पहिलं बोट नवरीच्या गालाला लागतं. नावाशिवाय हळद नाही. ही तिथली रीत.

आणि गाणारणींत गाणारीण म्हणजे दगूबाई. उंच, हाडापेराची बाई. तिचा आवाज एका टेकडीवरून निघाला की दुसऱ्या टेकडीवरची बाई हातातलं काम ठेवायची.

नईमा प्रत्येक गाण्याला कॉम्प्युटरवर नाव द्यायची. आधी विधी, मग नवरी, मग गाव. ‘हळद_आशा_मोलगी.’ ‘हळद_कोकिळा_खापर.’ वर्षं सरत गेली, कॉम्प्युटरचा डबा भरत गेला. एवढ्यातून एखादं गाणं शोधायचं म्हणजे गंजीतली सुई. मग ती मोबाइलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकली. त्या भाषेचं नाव पायथन. त्याचा अर्थ अजगर, हे कळल्यावर फकीरभाई महिनाभर हसत होता.

“आमच्या सेठाणीनी घरमा अजगर पाळेल शे,” तो गिऱ्हाइकांना सांगायचा. “दूध नही पेत. लाइट पेस.”

“तुमच्यापेक्षा बरा,” नईमा म्हणायची. “सांगितलेलं ऐकतो.”

ऐकायचा खरा. नाव पूर्ण आठवत नसेल तर अर्धं सांगायचं, बाकीच्या जागी खूण ठेवायची. खुणा दोन. एक चांदणी, *, आणि एक प्रश्नचिन्ह, ?. नईमा लग्नाघरची बाई, तिनं या खुणा लग्नाच्या भाषेतच समजून घेतल्या. चांदणी म्हणजे चूलबंद आवतण. घरातले सगळे या, पाच या, पन्नास या, कुणीच नाही आलं तरी राग नाही. चांदणीच्या जागी कितीही अक्षरं चालतात. प्रश्नचिन्ह म्हणजे घरटी एक माणूस. एकच या, पण या. त्या जागी नेमकं एकच अक्षर लागतं, कमी नाही, जास्त नाही. ‘हळद_*_मोलगी’ लिहिलं की मोलगीच्या सगळ्या नवऱ्या हळदीच्या अंगानं समोर ओळीनं उभ्या. नईमाला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी दगूबाईचा मुलगा फुलसिंग आईला घेऊन दुकानात आला. म्हातारीच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. सुरतेला गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. नईमा उठून तिच्या पायाशी बसली. ज्या बाईशी आजवर गाण्यातूनच बोलणं झालं, तिच्याशी गप्प कसं बसायचं?

“नईमाबेन,” फुलसिंग म्हणाला, “मन्ही पोरनी उद्या हळद शे. सोमली. सोमवारनी म्हणून सोमली. माय आख्ख्या डोंगरमा गायनी, नि आते घरनी पोरले गानारी नही. पोर म्हनस, आजीना आवाज नही त हळद नही. हट धरी बठी शे.”

“दुसऱ्या गाणारणी आहेत ना?”

फुलसिंगनं आईकडे पाहिलं. दगूबाईनं मान हलवली, मग एक बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं आणि तेच बोट नईमाच्या कॉम्प्युटरवर टेकवलं. माझा आवाज तुझ्या डब्यात आहे, काढ.

नईमाला एका क्षणात समजलं. या आजीनं कधीतरी दुसऱ्या कुठल्या सोमलीला हळद गायली असणार. सोमवारी जन्मलेल्या मुली डोंगरात काय कमी? ते गाणं सापडलं की उद्या त्याच नावानं, त्याच आवाजात हळद लागेल.

“अहो, चहा सांगा,” ती म्हणाली. “चहा येईपर्यंत सोमली हजर करते.”

‘हळद_सोमली_*.’ बटण दाबलं. पडदा कोरा.

चहा आला. फकीरभाईनं कप ठेवले आणि पडद्याकडे बघून म्हणाला, “सोमली माहेर गयी का?”

नईमानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती कानानं लिहिणारी बाई. डोंगरातल्या बायका ‘सोमली’ म्हणताना ओठ इतके मिटतात की ऐकणाऱ्याला ‘सुमली’ वाटतं, एखादीच्या तोंडी ‘शुमली’सुद्धा. तेव्हा आपण काय ऐकलं आणि काय लिहिलं, कोण जाणे. शेवटचं ‘मली’ पक्कं, सुरुवातीचंच नडतंय. तिनं चांदण्या टाकल्या. ‘हळद_*मली*.’

पडदा वाहू लागला. नावावर नाव, थांबायचं नाव नाही. फुलसिंग खूश झाला.

“बाप रे, इतल्या सोमल्या!”

नईमानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. ‘हळद_गीता_आमलीबारी.’ ‘हळद_जमुना_आमलीबारी.’ आमलीबारी गावाच्या नावातही ‘मली’ आहे. चूलबंद आवतण दिलं आणि आख्खं आमलीबारी जेवायला आलं.

“पंगत उठाडी दे,” फकीरभाई म्हणाला, “नही त वाढता वाढता हळद सुकी जाई.”

हसू सगळ्यांना आलं, पण वेळ नव्हता. फाइलच्या नावात नवरी होती, गाणारीण नव्हती. दगूबाई कोणत्या गाण्यात आहे ते ऐकूनच कळणार, आणि त्याआधी या गर्दीत एकेक नाव वाचत सोमली शोधायची म्हणजे आमलीबारीतच दुपार व्हायची. मोलगीची गाडी बाहेर भरत आली होती. ती गेली की मायलेकांना संध्याकाळपर्यंत बसावं लागणार, आणि मांडव उद्याचा.

“असं ढोबळ नको,” नईमा स्वतःशीच म्हणाली. “सो, सु, शु, काहीही असो, अक्षर एकच आहे. घरटी एक माणूस.” तिनं लिहिलं, ‘हळद_?मली_*.’

एकच नाव आलं. ‘हळद_रमली_काठी.’

लिहितानाच आपली चूक झाली असेल म्हणून तिनं ते लावलं. आधी ढोलाचा गलका, बांगड्या, कुणाचं तरी पोर रडलेलं. मग त्या सगळ्यावरून आवाज आला. दगूबाईचाच. भरलेला, खणखणीत, जणू बाई आत्ताच टेकडी चढून आली आहे. दुकानात कुणी कप उचलला नाही. बाहेरच्या गाडीतून दोन बायकांनी माना काढल्या. दगूबाईचा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला आणि फुलसिंगनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग नाव आलं. रमली.

ठेका थांबला.

“माय, चाली जाई,” फुलसिंग हळूच म्हणाला. “रमली काय, सोमली काय. ढोलना आवाजमा कोन आयकस?”

म्हातारीनं नुसती मान हलवली नाही, तिनं हातातला कप खाली ठेवला, जोरात. एकीच्या नावानं दुसरीला हळद लावायची? मग नवरी कोण झाली? तिला बोलता येत नव्हतं तरी दुकानातल्या प्रत्येकाला हे ऐकू आलं.

“बरोबर आहे मायचं,” नईमा म्हणाली. “माझी खूण चुकली, तुमची मान नाही चुकली.”

पण कुठं चुकली? ‘सु’ एक अक्षर. शाळेत बाईंनी पाटीवर एकच गिरवून घेतलं होतं. रमलीचा ‘र’ त्या जागेत बसतो आणि सुमलीचा ‘सु’ का बसत नाही? नईमानं प्रश्नचिन्ह पुसून तिथं नुसतं पाहायला ‘सु’ लिहिलं. मग ते पुसायला बॅकस्पेसची कळ एकदा दाबली.

उकार गेला. ‘स’ जागेवरच होता.

तिनं पुन्हा उकार दिला, पुन्हा कळ दाबली. पुन्हा उकार एकटाच गेला. नईमा खुर्चीत मागं टेकली आणि मोठ्यानं हसली. फकीरभाई घाबरला.

“काय व्हयनं?”

“बाहेर गाडीत बघा. ती पोर घेऊन बसलेली बाई आहे ना, आपण तिला एक मोजतो. आवतण एकीला असलं तरी कडेवरचं पोर येणारच, त्याचं कोण मोजतं? पण हा माझा अजगर मोजतो. ‘स’ एक आणि त्याच्या पायाशी बसलेला उकार दोन. ओकार असला तर तोही वेगळा. मी एकाला बोलावलं, दारात उभी दोन. त्यानं परत पाठवली. रमलीचा ‘र’ सडाफटिंग, तो तेवढा आत आला.”

“म्हणजे पोरले येगळं आवतण देनं पडस?”

“द्यायचंच. ‘स’ मला माहीत आहे. प्रश्न त्याच्या पोराचा आहे.”

तिनं ‘स’ लिहिला आणि प्रश्नचिन्ह त्याच्या मागोमाग ठेवलं, मात्रेच्या जागेवर. ‘हळद_स?मली_*.’ आता सो असो, सु असो, सू असो, कडेवर जे पोर असेल ते चालेल. बटण दाबताना तिनं कुणाकडे पाहिलं नाही, कारण तिला उत्तर आधीच माहीत होतं.

दोन नावं आली. ‘हळद_सूमली_वडफळी.’ ‘हळद_सुमली_डाब.’

वडफळीची गाणारीण दुसरीच होती, नईमानं पहिल्याच ओळीला बंद केलं. डाबचं लावलं. ढोल, मग थोडी शांतता, मग तीच, टेकडीवरून टेकडीवर जाणारी. या खेपेला दगूबाईनं ठेका धरला नाही. ती डोळे मिटून बसली, आणि नाव आलं तेव्हा तिचे ओठ हलले. नावात ओकार होता की उकार, ते देवाला माहीत. सोमवारच्या पोरीचं नाव होतं, तिच्याच आजीच्या तोंडचं.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. फकीरभाई दारात जाऊन ओरडला, “थांब ना भाऊ! नवरीनी आजी शे आतमा!”

दुसऱ्या दिवशी नईमा स्वतः गेली, मोठा स्पीकर घेऊन. मांडवावर आंब्याची पानं होती, अंगणात बायका दाटून बसल्या होत्या. मधे पाटावर सोमली, हट्टी, मान ताठ, आजीसारखीच उंच. दगूबाई तिच्या शेजारी हळदीची वाटी धरून. नईमानं आवाज सोडला. पहिल्या ओळीला बायका चमकून दगूबाईच्या तोंडाकडे बघू लागल्या, दुसऱ्या ओळीला त्यांच्यातल्या एकीनं सूर धरला, आणि मग सगळ्याच गाऊ लागल्या. स्पीकरमधली दगूबाई पुढं, अंगणातल्या बायका मागं, जसं आजवर व्हायचं तसंच. नाव आलं. हुंकार उठला. म्हातारीनं बोट बुडवलं आणि नातीच्या गालाला हळद लावली. पोरीचा ताठपणा तेवढ्यात कुठल्या कुठं गेला, तिनं आजीच्या कुशीत तोंड घातलं. आजीचं लुगडं पिवळं झालं.

नईमा माईक धरून बसली होती. हेही तिनं रेकॉर्ड केलं.

हळद लागून झाल्यावर ती सोमलीपाशी गेली. “नाव कसं लिहू गं? आधारवर काय आहे?”

“आधारवर सोमली शे,” पोरगी म्हणाली आणि आजीकडे पाहिलं. “पन आजी आयुष्यभर मले सुमलीच म्हनत उनी.”

दुकानात परत आल्यावर फकीरभाई तारा गुंडाळत होता आणि नईमा गाण्याला नाव देत होती.

“काय लिखं?” त्यानं विचारलं. “सो का सु?”

“आजी म्हणायची ते,” ती म्हणाली, आणि ‘स’ लिहून त्याच्या पायाशी उकार बसवला.